वैमानिक व्हायचंय, बजेट ५५ लाख: कुठला रस्ता परवडेल?

मंजिरी_लातूर
पुतणी १८ वर्षांची आहे, बारावी सायन्स झाली, फिजिक्स-मॅथ्स दोन्ही होतं. एअरलाइनमध्ये पायलट व्हायचं हे पक्कं. घरचे २० लाख आणि ३५ लाखांचं शैक्षणिक कर्ज, यापुढे ताणता येणार नाही. तीन प्रस्ताव आलेत:
एक, ४२ लाखांत '१४ महिन्यांत सीपीएल' (व्यावसायिक वैमानिक परवाना) म्हणणारी एक संस्था. आगाऊ पूर्ण फी भरली तर ३ लाख सूट.
दोन, एअरलाइनचा कॅडेट प्रोग्रॅम. हा कोटीच्या घरात जातो.
तीन, अमेरिका.
नातेवाइकांचे सल्ले भरपूर मिळाले, आकडे कोणीच देत नाही. जाणकारांनी आकड्यांत बोलावं ही विनंती.

टेलविंड
मंजिरीताई, तिन्ही प्रस्ताव बाजूला ठेवा. आधी मेडिकल. फीचा एक रुपयासुद्धा त्याआधी भरू नका.

क्रम असा: डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं) यादीतल्या डॉक्टरकडून क्लास २, मग क्लास १ वैद्यकीय प्रमाणपत्र. अर्ज त्यांच्याच ईजीसीए पोर्टलवरून. क्लास २ हातात आलं की संस्था प्रवेश देतात आणि बरेच जण क्लास १ 'नंतर बघू' म्हणून टाळतात. सीपीएलला मात्र क्लास १ लागतंच. म्हणजे ३० लाख खर्चून झाल्यावर कळायचं की ईसीजीत काहीतरी आहे! क्लास १ आधीच उरकून घ्या.

घरबसल्या आधी हे तपासा: रंगांधळेपणाची इशिहारा चाचणी (कुठलाही नेत्रतज्ज्ञ पाच मिनिटांत करतो), ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी), हिमोग्लोबिन, थायरॉइड, पोटाची सोनोग्राफी, वजन. चष्मा चालतो, चष्म्यासह नजर नीट हवी. मुलींच्या बाबतीत हिमोग्लोबिन कमी निघणं आणि कोणाच्याही बाबतीत बारीकसा मूतखडा निघणं, या दोन गोष्टींवर 'तात्पुरते अपात्र' शेरा बसून महिने जातात. दोन्ही आधी कळलं तर उपचार करूनच जाता येतं. जुनं काही ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड शोधून ठेवा.

ढगातला_म्हातारा
टेलविंड म्हणतात ते बरोबर. त्याच्या जोडीला कागद. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर नाव आडनावापासून सुरू होतं: 'पाटील स्नेहा विजय'. पासपोर्टवर 'स्नेहा विजय पाटील'. आधारवर कधी नुसतं 'स्नेहा पाटील'. डीजीसीएच्या परीक्षेसाठी आधी कॉम्प्युटर नंबर (परीक्षार्थीचा नोंदणी क्रमांक) काढावा लागतो आणि तिथे दहावी-बारावीचे कागद बोर्डाकडून पडताळून लागतात. तीन कागदांवर तीन नावं दिसली की अर्ज परत. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्रात प्रसिद्धी, पुन्हा अर्ज. हे काम आत्ता, ती घरी असताना करा. पुढे तेच नाव लायसन्सवर, मेडिकलवर, व्हिसावर जाणार आहे.

कॉमर्सवाल्या कोणी हा धागा वाचत असेल तर: फिजिक्स आणि मॅथ्स एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालय) देता येतात, ते चालतं.

बिरसीकर
आता त्या ४२ लाखांच्या '१४ महिन्यां'कडे वळू. संस्थेत गेलात की ताशी दर नंतर विचारा. पहिला प्रश्न हा: आज किती विद्यार्थी उडत आहेत, आणि किती विमानं आज सकाळी खरोखर उडाली?

गणित मांडतो. कागदावर ६ विमानं. दर ५० आणि १०० तासांनी तपासणी असते, एखादं पार्ट परदेशातून यायची वाट बघत हँगरमध्ये असतं. म्हणजे लाइनवर ४. प्रत्येक विमान दिवसाला ४ तास, महिन्याला २२ दिवस उडालं असं उदार मनाने धरू: ४ × ४ × २२ = ३५२ तास. विद्यार्थी ६०. वाट्याला आले महिन्याला पावणेसहा-सहा तास. सीपीएलला २०० तास लागतात. झाले ३४ महिने.

तेच विद्यार्थी ३० असतील तर महिन्याला पावणेबारा तास, १७ महिने.

दर तोच, विमान तेच, ब्रोशरही तेच. फरक नुसता गर्दीचा.

आणि २२ दिवस हे खरंच उदार आहे. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर ढगांची उंची आणि दृश्यमानता विद्यार्थ्याला सोलो, म्हणजे एकट्याला, सोडण्याजोगी रोज नसते. विदर्भात मे महिन्यात वेगळं दुखणं. गोंदियाचं बिरसी विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे हजार फुटांवर. दुपारी ४४ अंश झाले की हवेच्या घनतेच्या हिशेबाने विमानाला ते साडेचार हजार फुटांच्या वर असल्यासारखं वाटतं. धावपट्टी जास्त खातं, चढतं हळू. त्यामुळे उन्हाळ्यात उड्डाणं पहाटेपासून दहा-साडेदहापर्यंत उरकतात. उत्तरेत हेच डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात होतं. अमेठीजवळच्या फुरसतगंजच्या इग्रुआ या सरकारी संस्थेने मधल्या काळात गोंदिया आणि कलबुर्गीहूनही उड्डाणं केली, ती उगाच नाही.

मंजिरी_लातूर
बिरसीकर, हे कोणीच सांगितलं नव्हतं. पण संस्था खरा आकडा सांगतील का?

बिरसीकर
नाही सांगणार. म्हणून सकाळी साडेसहाला जाऊन उभं राहायचं. फ्लाइट डिस्पॅचच्या फळ्यावर त्या दिवसाचा रोस्टर असतो: विमानाचं नाव, विद्यार्थी, इन्स्ट्रक्टर, वेळ. फळ्यावर किती विमानांच्या पुढे नावं आहेत ते मोजा. मग कँटीनमध्ये दोन वर्षांपूर्वी आलेल्या मुलाला चहा पाजा आणि 'किती तास झाले?' एवढंच विचारा. दोन वर्षांत ९० तास म्हणाला तर चहा संपवून परत या.

डीजीसीए २०२५ पासून उड्डाण संस्थांची क्रमवारीही लावतं, वर्षातून दोनदा. ती बघाच, पण फळ्याला पर्याय म्हणून नको.

अजून तीन गोष्टी त्याच भेटीत: मल्टि-इंजिन विमान स्वतःचं आहे की दुसऱ्या तळावर पाठवतात, रात्री धावपट्टीवर दिवे आणि टॉवरची वेळ आहे का, परीक्षक संस्थेतच आहे की बाहेरून बोलावतात. शेवटच्या ३० तासांत अडकलेली मुलं बहुतेक या तिघांपैकी एकाची वाट बघत असतात.

कर्जतकर
(नाव गावावरून आहे, धंद्यावरून नाही 🙂)

बिरसीकरांच्या ३४ आणि १७ महिन्यांतला फरकही १७ महिन्यांचाच. त्या उशिराला पैशाचा आकडा लावतो.

३५ लाख कर्ज, १०.५ टक्के धरू. पूर्ण रक्कम उचललेली असेल तर नुसतं व्याज महिन्याला ३०,६२५ रुपये. वसतिगृह-जेवण १५ हजार धरा. म्हणजे उशिराचा प्रत्येक महिना साधारण ४५,६०० रुपयांना पडतो. १७ महिने उशीर = पावणेआठ लाख. ४२ लाखांची संस्था ५० लाखांची झाली. शिवाय पगार सुरू व्हायला दीड वर्ष उशीर, तो वेगळा.

हप्ता: १०.५ टक्के, १५ वर्षं, लाखाला सुमारे १,१०५ रुपये. दोन वर्षांत सारख्या टप्प्यांनी उचल आणि तिसरं वर्ष नोकरीच्या वाटेत गेलं तर व्याज साडेसात लाखांच्या आसपास चढतं. म्हणजे परतफेड ४२ लाखांवर सुरू होते, हप्ता ४७ हजारांच्या जवळ. हा आकडा घरातल्या सगळ्यांसमोर एकदा मोठ्याने वाचा.

बँकेचं: डीजीसीए मान्य वैमानिक प्रशिक्षण आयबीएच्या (भारतीय बँक संघ) आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत बसतं. साडेसात लाखांच्या वर तारण मागतात, म्हणजे घर किंवा बिगरशेती जागा. शेतजमीन बहुतेक बँका घेत नाहीत, लातूरकडे हा अडसर नेहमीचा. व्याजावर प्राप्तिकरात ८ वर्षं वजावट मिळते, पण जुन्या करप्रणालीतच.

आगाऊ फीवरची ३ लाखांची सूट: घेऊ नका. बँकेलाही सांगा की रक्कम टप्प्याटप्प्याने द्या, २५-२५ तासांच्या हिशेबाने. एकरकमी भरलं की पहिल्या दिवसापासून पूर्ण ३५ लाखांवर व्याज, आणि तुमच्या पुतणीला रोस्टरवर घ्यायची घाई कोणालाच उरत नाही.

जीएसटी: सप्टेंबर २०२४ मधल्या जीएसटी कौन्सिलच्या बैठकीत डीजीसीए मान्य संस्थांच्या मान्य अभ्यासक्रमांना सूट असल्याचं स्पष्ट झालं. कोटेशनमध्ये १८ टक्के दिसले तर कशावर लावलेत ते लेखी विचारा.

तिरफळ
कोटेशनचा विषय निघालाच आहे तर, '२०० तास = ४२ लाख' यात सहसा काय नसतं ते: लँडिंग आणि पार्किंग शुल्क, परीक्षकाची फी, डीजीसीएच्या परीक्षा-लायसन्सच्या फिया, हेडसेट, गणवेश, ग्राउंड क्लास, आणि सगळ्यात महत्त्वाचं, जादा तास. २०० हा किमान आकडा आहे. पहिला सोलो लांबला, पावसाळ्यात दोन महिने खंड पडून पुन्हा इन्स्ट्रक्टरबरोबर तास करावे लागले, की २१०-२२० सहज होतात. जादा तासाचा दर करारात आज लिहून घ्या. नंतर तो पॅकेजच्या दरापेक्षा चढाच लागतो.

तास कसा मोजतात हेही विचारा. लॉगबुकात चाकाखालचे चोक काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतचा वेळ येतो. गजबजलेल्या विमानतळावर प्रवासी विमानांना वाट देत होल्डिंग पॉइंटवर प्रॉपेलर फिरवत उभं राहिलात तरी मीटर चालू. रिकाम्या धावपट्टीवर एका तासात आठ सर्किट (उडून, फेरी मारून पुन्हा उतरणं) होतील तिथे गर्दीच्या ठिकाणी पाच. लँडिंग शिकायच्या दिवसांत हा फरक फार.

रेडिओवाला
ती घरी आहे तेवढ्यात पेपर! एअर नेव्हिगेशन, मिटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन, टेक्निकल जनरल आणि ज्या विमानावर शिकणार त्याचा टेक्निकल स्पेसिफिक. पास व्हायला ७० टक्के, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पेपर राहिले असतील तर सोलो क्रॉस-कंट्रीला (दुसऱ्या ठिकाणापर्यंतचं लांबचं उड्डाण) सोडत नाहीत. म्हणजे ४०-५० तासांवर विद्यार्थी जमिनीवर बसतो, बाकीचे पुढे जातात, त्याचा रोस्टरमधला नंबर मागे. निम्मा उशीर इथेच होतो, आणि दोष मात्र विमानांच्या माथी जातो.

माझा क्रम: आधी रेग्युलेशन (पाठांतर, पटकन निघतो, हुरूप येतो), मग मिटिऑरॉलॉजी, शेवटी नेव्हिगेशन. नेव्हिगेशनला हातातला गोल फ्लाइट कॉम्प्युटर रोज फिरवावा लागतो. टेक्निकल स्पेसिफिक मात्र संस्था ठरल्यावरच. सेसना १७२ चा पेपर देऊन डायमंड डीए-४० वर शिकायला गेलात तर तो पुन्हा.

आरटीआर म्हणजे रेडिओचा परवाना. पूर्वी ही परीक्षा दूरसंचार विभाग घ्यायचा, भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ ला लागू झाल्यावर ती डीजीसीएकडे आली. जुन्या व्हिडिओंमधली अर्जाची पद्धत बघून गोंधळू नका. मराठी माध्यमातल्या मुलांना इथे इंग्रजीची भीती वाटते, ती उगाच. शब्द ठरलेले आहेत आणि साहित्यिक इंग्रजी उलट नडतं. तीन म्हणजे 'ट्री', पाच 'फाइफ', नऊ 'नाइनर', हजार 'टाउझंड'. टॉवरने उंची, दिशा, क्यूएनएच (उंचीमापक लावायचा हवेचा दाब) दिला की तोच परत वाचून दाखवायचा, शेवटी आपला कॉलसाइन (रेडिओवरचं विमानाचं नाव). नुसतं 'रॉजर' म्हटलं की गुण गेले. ट्रान्सपॉन्डरचे (रडारला विमानाची ओळख देणारं यंत्र) संकटाचे कोड ७५००, ७६००, ७७०० झोपेतून उठवलं तरी सांगता आले पाहिजेत. घरात आरशासमोर रोज वीस मिनिटं, मोठ्याने. शेजारी विचारतील, विचारू देत.

मंजिरी_लातूर
सगळ्यांचे आभार, वहीत उतरवतेय. अमेरिकेचं कोणी सांगेल का? एजंट म्हणतो दहा महिन्यांत होऊन जाईल.

टेक्सासचा_तात्या
इथलं सांगतो. हवा चांगली, विमानं भरपूर. महिन्याला २० तास खरंच होतात. सगळं धरून खर्च ६० ते ७५ लाख, डॉलर आणि राहणीवर अवलंबून. तुमच्या बजेटात बसत नाही, पण बाकीच्यांसाठी लिहितो, कारण इथून परत जाणारी मुलं एकाच खड्ड्यात पडतात.

खड्डा म्हणजे पीआयसीचे (पायलट इन कमांड, विमानाचा प्रमुख वैमानिक) तास. इथल्या नियमात खासगी लायसन्स मिळालं की शेजारी इन्स्ट्रक्टर बसलेला असतानाही ज्याच्या हाती कंट्रोल तो पीआयसी लिहू शकतो. दोन मित्र एकत्र उडाले, एकाने डोळ्यावर हूड (बाहेरचं दिसू नये म्हणून आडोसा) लावलं, दुसरा बाहेर लक्ष ठेवणारा सेफ्टी पायलट, तर दोघेही पीआयसी लिहितात. इथे ते कायदेशीर आहे. डीजीसीए यातलं काहीही पीआयसी म्हणून धरत नाही. इन्स्ट्रक्टर बसला की ते ड्युअल, सेफ्टी पायलटचे तास शून्य.

परिणाम बघा. लॉगबुक असं दिसतं:
एकूण २५४:१०
पीआयसी १४१:३०
त्यातले इन्स्ट्रक्टरसह ३८:२०
सेफ्टी पायलट म्हणून २१:००
डीजीसीएच्या दृष्टीने पीआयसी: ८२:१०. हवेत १००. तूट १७:५०. हे भारतात परतल्यावर, ताशी भाडं देऊन, रांगेत उभं राहून भरायचं.

उपाय सोपा: पहिल्या दिवसापासून लॉगबुकात 'सोलो' असा वेगळा रकाना ठेवा आणि तोच खरा पीआयसी माना.

एम-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकताना नोकरी करता येत नाही, 'तिथे कमवून भरू' हे डोक्यातून काढा. निघण्यापूर्वी डीजीसीएचं क्लास १ हातात हवं. परतल्यावर लायसन्स बदलून घ्यायला रेग्युलेशन आणि नेव्हिगेशन-मिटिऑरॉलॉजीचा एकत्रित पेपर, अमेरिकेकडून लायसन्सची पडताळणी, आणि भारतात चाचणीची उड्डाणं. एजंटच्या दहा महिन्यांत हे धरलेलं नसतं. यात सहा महिने अगदी सहज जातात.

कर्जतकर
तात्यांना पुरवणी: परदेशी पाठवलेल्या शिक्षणाच्या रकमेवर वर्षाला १० लाखांपुढे टीसीएस (बँक आधीच वसूल करते तो कर) कापतात. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर नाही. कापला तरी विवरणपत्र भरून परत मिळतो, पण तोवर पैसा अडकतो.

घारीची_नजर
तासांचा विषय निघाला आहे तर भारतातल्या २०० ची फोड एकदा नीट लिहून ठेवते, पुतणीच्या खोलीत भिंतीवर लावा.

पीआयसी १००, त्यातले १५ अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांत. क्रॉस-कंट्री पीआयसी सीपीएलला २० पुरतात, पण इन्स्ट्रुमेंट रेटिंगला (आयआर, बाहेरचं न दिसता उपकरणांवर उडण्याची पात्रता) ५० लागतात आणि आयआर नसलेल्या सीपीएलला एअरलाइनमध्ये कोणी विचारत नाही, तेव्हा ५० च धरा. त्यात एक ३०० नॉटिकल मैलांची, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. इन्स्ट्रुमेंट ४०, पैकी २० पर्यंत सिम्युलेटरवर चालतात. रात्रीचे पीआयसी ५ तास, १० टेक-ऑफ आणि १० लँडिंग. पॅकेज सहसा १८५ तास सिंगल इंजिन आणि १५ मल्टि असं असतं.

आता खरी मेख. दिवसाची आणि रात्रीची चाचणी, २५० नॉटिकल मैलांची दिवसाची आणि १२० नॉटिकल मैलांची रात्रीची क्रॉस-कंट्री चाचणी, हे सगळं अर्ज करण्याच्या आधीच्या सहा महिन्यांच्या आत झालेलं हवं. विद्यार्थी उत्साहात १७० तासांना चाचण्या देऊन मोकळा होतो. मग मल्टि-इंजिन विमान बिघडलेलं, चार महिने वाट. मग पाऊस. सातव्या महिन्यात पहिली चाचणी बाद. ती पुन्हा द्यायची तर आधी सरावाचे दोन-तीन तास, मग परीक्षकाची तारीख, तोवर दुसरी चाचणी मुदतीबाहेर. साखळी तुटायचं नाव घेत नाही.

म्हणून मल्टि-इंजिनची तारीख पक्की झाल्याशिवाय पहिली चाचणी द्यायची नाही. संस्था म्हणेल 'देऊन टाक, होईल'. नाही म्हणायचं. आणि अर्जाचे कागद, लॉगबुकच्या प्रत्येक पानावरची सही-शिक्का, शेवटच्या आठवड्यात नाही, दर ५० तासांनी तपासायचे. इन्स्ट्रक्टर नोकरी बदलून गेला की राहिलेली सही मिळवायला कुठे कुठे फिरावं लागतं ते विचारू नका.

ढगातला_म्हातारा
घारीची नजर खरीच घारीची आहे.

नवखा_गोंधळी
एनडीए केलं तर सगळं फुकट, मग एअरलाइन. एवढा खटाटोप कशाला?

टेलविंड
हवाई दल हा एअरलाइनचा स्वस्त दरवाजा नाही. अफकॅटमधून (हवाई दलाची प्रवेश परीक्षा) फ्लाइंग शाखेचं शॉर्ट सर्व्हिस कमिशनच १४ वर्षांचं असतं, आणि कुठलं विमान मिळेल ते तुम्ही ठरवत नाही. सैन्यातच जायचं असेल तर जरूर जावं, मुलींसाठी नाशिकला सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, मुलांसाठी संभाजीनगरला. पण तो वेगळा धागा.

फुकट किंवा स्वस्तच बघायचं असेल तर दोन ठिकाणं. इग्रुआ: प्रवेश परीक्षा, मुलाखत, अभियोग्यता चाचणी, आरक्षण लागू, फी ४५ लाखांच्या आसपास. ब्रोशरमधला आकडा आणि शेवटचा आकडा यांत खासगीपेक्षा कमी तफावत पडते. परीक्षा बारावीच्या फिजिक्स, गणित, इंग्रजीच्या पातळीची, पण जागा थोड्या. दुसरं, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेने ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत वैमानिक प्रशिक्षणाची योजना काढली होती. तुकडी जाहीर होते का यावर लक्ष ठेवा, नॉन-क्रीमीलेअर दाखला काढून ठेवा. अनुसूचित जमातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत सीपीएल पहिल्या गटात येतं, बऱ्याच समाजकल्याण-आदिवासी कार्यालयांत हे बाबूंनाच ठाऊक नसतं. नियमाची प्रत सोबत न्या.

मंजिरी_लातूर
आम्ही खुल्या प्रवर्गात. इग्रुआ बघतो. टाइप रेटिंग म्हणजे काय ते विचारायचं राहिलं. ते ५५ मध्ये धरायचं का?

टेलविंड
सीपीएल मिळालं म्हणजे छोटं विमान चालवायचा व्यावसायिक परवाना मिळाला. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ अशा मोठ्या विमानासाठी त्या विमानाचं वेगळं रेटिंग लागतं. खर्च १२ ते १८ लाख. तुमच्या ५५ मध्ये ४२ ची संस्था आणि हे, १२-१३ लाखांत झालं तर जेमतेम बसतं. पण १७ महिन्यांचा तो उशीर आला तर नाही बसत.

माझं मत: नोकरीचं पत्र हातात येईपर्यंत करू नका. एअरलाइन नुसत्या सीपीएलवाल्यांनाही घेतात आणि रेटिंग नंतर करवतात. आधी करून बसलात आणि भरती ७३७ ची निघाली तर ए३२० चे १५ लाख भिंतीवर टांगा. शिवाय सिम्युलेटर सोडून आठ-दहा महिने झाले की हात जातो, मुलाखतीच्या सिम चाचणीआधी पुन्हा पैसे भरून तास घ्यावे लागतात.

बिरसीकर
इथे मी टेलविंडशी सहमत नाही. भारतात सगळ्यात मोठा ताफा ए३२० कुटुंबाचा, इंडिगो आणि एअर इंडिया दोन्हीकडे. काही भरत्या 'टाइप रेटेड' लोकांसाठीच निघतात, तेव्हा नुसत्या सीपीएलवाल्याला अर्जही करता येत नाही. भरतीचा जोर असेल त्या वर्षी रेटिंगवाला सहा-आठ महिने आधी आत जातो.

टेलविंड
जोर असेल त्या वर्षी. नसेल त्या वर्षी तोच कर्जाच्या दुप्पट हप्त्यासह घरी बसतो. २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली तेव्हा बाजारात अनुभवी पायलट एकदम आले, पाठोपाठ कोविड. त्या काळात नव्या रेटिंगवाल्यांकडे बघायला कोणाला वेळ नव्हता. ५५ लाखांची मर्यादा असलेल्या घराने हा जुगार खेळू नये.

बिरसीकर
कर्ज घेतलेल्यासाठी मान्य. ज्याच्याकडे रोख आहे त्याच्यासाठी नाही.

घारीची_नजर
मधल्या काळात बसून राहण्यापेक्षा असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टर रेटिंग बघा. टाइप रेटिंगच्या तुलनेत खर्च बराच कमी, तास वाढतात, पगार थोडा पण येतो. देशात इन्स्ट्रक्टर कमीच आहेत. आणि आयआर, मेडिकल दोन्ही चालू ठेवा. लायसन्स आता १० वर्षांचं असतं म्हणून लोक निश्चिंत राहतात, पण मेडिकल वर्षाचं असतं आणि आयआरचीही दरवर्षी चाचणी असते. मुलाखतीच्या दिवशी यातलं एक संपलेलं असेल तर दारातूनच परत.

तिरफळ
कॅडेट प्रोग्रॅमचं राहिलं. एका वाक्यात: तुम्ही जास्तीचे ४०-५० लाख देता त्यात टाइप रेटिंग, ठरलेलं वेळापत्रक आणि सशर्त नोकरीचं पत्र येतं. 'सशर्त' हा शब्द जाड अक्षरात वाचा: कुठल्या टप्प्यावर नापास झालं की पत्र रद्द, रिक्त जागा नसतील तर काय, किती महिने थांबायचं, बाँड किती वर्षांचा. ५५ मध्ये बसत नाही, तेव्हा विषय संपला.

मंजिरी_लातूर
ठरलं ते लिहिते. या आठवड्यात नेत्रतज्ज्ञ आणि रक्त तपासणी, मग क्लास २, लगेच क्लास १. नावाचं प्रतिज्ञापत्र. रेग्युलेशन आणि मिटिऑरॉलॉजीचा अभ्यास घरी. इग्रुआचा अर्ज. ते नाही झालं तर बारामती, धुळे आणि गोंदिया तिन्हीकडे सकाळी साडेसहाला फळा बघायला जाणार. आगाऊ फी नाही.
एकच शंका: क्लास २ ला उपाशीपोटी जायचं का? आणि ती कॉन्टॅक्ट लेन्स लावते.

टेलविंड
हो, उपाशी. साखर आणि सोनोग्राफी दोन्हीसाठी. पाणी प्यायचं, सोनोग्राफीला मूत्राशय भरलेलं लागतं. लेन्स दोन-तीन दिवस आधी काढून चष्म्यावर या, चष्म्याच्या नंबरचा ताजा कागद सोबत. दोन चष्मे असतील तर दोन्ही आणा. सर्दी असेल तर तारीख पुढे ढकला, कान बंद असले की ऑडिओमेट्री खराब येते आणि तो शेरा फाइलीत राहतो.